उघाडीचं उद्घाटन

"किती झाले गो?" चाहूमामांनी बांधावरून विचारलं.

मी मोबाइल पाहिला. "सव्वादहा."

"मंग आता साहेबाला सांग, चहा पिऊन परत जा म्हनावं."

"अजून आलेच नाहीत मामा. परत कुठून जातील?"

"तेच बरं हाय. नको येऊदे."

मामा उकिडवे बसले होते. तोंड खाडीकडे, पाठ मांडवाकडे. सकाळी सात वाजता त्यांनी उघाडीच्या तोंडाशी चिखलात तीन काठ्या रोवल्या होत्या. त्यातल्या दोन बुडाल्या होत्या आणि तिसरीच्या कमरेला पाणी लागलं होतं.

मी बेणखारची सरपंच होते तेव्हाची ही गोष्ट. आता नऊ वर्षं झाली. आमचं गाव खारेपाटातलं. भरतीचं पाणी जितकं वर चढतं, त्याच्यापेक्षा आमची भातशेती खाली. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या पोटात एक तोंड ठेवलेलं, त्याला म्हणतात उघाडी. पावसाळ्यात शेतातलं जास्तीचं पाणी तिथून खाडीत सोडायचं आणि खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

जुन्या उघाडीला लाकडी दार होतं, वरून टांगलेलं, खाडीकडे उघडणारं. भरती आली की तिच्याच रेट्यानं ते बंद व्हायचं. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्यानं ढकललं जाऊन उघडायचं. कुलूप नाही, चाक नाही, कर्मचारी नाही. दारात अडकलेला काडीकचरा काढणं आणि फळी कुजली की बदलणं, हे मामांच्या घराकडे होतं. त्यांच्या आज्यापासून.

मग आमच्या ग्रामपंचायतीचा हवामान कृती आराखडा झाला. तशी योजनाच आली होती. एक लांबलचक तक्ता आला, त्यात एक प्रश्न होता: 'पूरनियंत्रण यंत्रणा आधुनिक आहे का?' ग्रामसेवक सोनवणे भाऊसाहेबांनी मला विचारलं, "ताई, काय लिहू?" मी म्हटलं, लाकडी आहे. ते म्हणाले, "म्हणजे नाही." मी म्हटलं, नाही तर नाही. खाली सही केली. त्या एका 'नाही'च्या बदल्यात आम्हाला लोखंडी दार मिळालं. चाक फिरवून वर उचलायचं आणि चाक फिरवूनच खाली सोडायचं. जुनं दार ठेकेदारानं तोडून नेलं. जेसीबीला जागा हवी म्हणून उघाडीशेजारची तिवरांची झाडंही तोडली. तिवरं तोडायची नाहीत असं आमच्याच आराखड्यात सातव्या पानावर लिहिलं होतं. ते पान मीच ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं, चांगलं खणखणीत आवाजात.

दार बसलं, तेव्हा उद्घाटन आलंच.

तारीख जिल्ह्याच्या साहेबांकडून ठरून आली. कोजागिरीचा दिवस. तारीख ऐकताच मामा पंचायतीत आले आणि बाकावर न बसता उभ्यानंच म्हणाले, "पुनव हाय ती. तिथीची पाऊणपट काढ. पंध्राची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरतीची वेल, वर उधानाची थोडी जास्त. बारा वाजता पानी बांधाच्या काठाला असनार."

भाऊसाहेब घाटावरचे. त्यांच्या गावी पाणी नळाला येतं आणि जातं, बाकी कशाला नाही. त्यांनी विचारलं, "मग कधी ठेवू?"

"सकाली आठला. तवा खाडी खाली असते. दार उघडलं तरी आतलंच पानी भायेर जाईल. साहेबाचा फोटो पन बरा येईल."

असं ते आठ वाजता ठरलं. पत्रिकेत छापलं. आठ का, हेही मी फोनवर साहेबांच्या कार्यालयात दोनदा सांगितलं. तिकडून एक मुलगी दोन्ही वेळा म्हणाली, "नोंद घेतली आहे."

आणि आता सव्वादहा.

मांडवात बायका बसून कंटाळल्या होत्या. पाहुण्यांसाठी मांडववाल्या गणानं लाल मखमली सोफा आणला होता, त्यावर कुणी बसायचं नाही म्हणून तो स्वतः त्याच्या शेजारी उभा होता. भाऊसाहेब फोन कानाला लावून बांधावर येरझाऱ्या घालत होते.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"निघालेत."

"नऊ वाजताही निघालेच होते."

"आता खरंच निघालेत ताई."

"भाऊसाहेब, आपण फीत कापून घेऊ या. चाकाला हात लावायचा नाही. चालेल ना?"

"मी सांगतो त्यांना," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला कळलं की ते सांगणार नाहीत.

मामांनी मान न वळवता सांगितलं, "भाऊसाहेब, पानी थांबनार नाय म्हनावं."

"अहो मामा, साहेब पण थांबणार नाहीत. त्यांना एकला बैठक आहे."

साहेब आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तिसरी काठी कधीच बुडाली होती.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हे सांगायला हवं. शिकलेले, मृदू बोलणारे. आल्या आल्या त्यांनी उशिराबद्दल माफी मागितली, खाडी सोडून सगळ्यांची. सोफ्यावर बसले नाहीत, थेट माइकवर गेले. बर्फ वितळतोय म्हणाले. समुद्र वर येतोय म्हणाले. यापुढे समुद्र आपलं ऐकणार नाही, म्हणून गावांनी सज्ज राहिलं पाहिजे.

"आदी कधी ऐकत होता?" मामा माझ्या मागे पुटपुटले. दोनचार बाया हसल्या.

भाषण सहा मिनिटांत आटपलं. फीतही कापली. मी हात जोडले आणि म्हटलं, चला, जेवणाची सोय शाळेत केली आहे. तेवढ्यात ड्रोन उडवणारा पोरगा म्हणाला, "सर, व्हील फिरवतानाचा एक शॉट लागेल. गेट वर जाताना दिसलं पाहिजे."

साहेब चाकाकडे वळले. "या ना सरपंचताई. तुमचा हात आधी लागला पाहिजे. महिलांचा सहभाग दिसू दे."

मी सांगितलं त्यांना. खोटं कशाला बोलू, सांगितलं. "साहेब, आत्ता नको. भरती चढते आहे. दार उचललं तर खारं पाणी शेतात येईल. अडीच-तीननंतर उचलू, ओहोटी लागली की."

पण मी हसत सांगितलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं तर बाईनं हसत म्हणायचं, असं माझ्या अंगात मुरलेलं होतं. आणि हसत म्हटलेलं 'नाही' कुणाच्या कानात शिरत नाही.

"अडीचला मी हवामान बदलाच्याच बैठकीत असेन," तेही हसले. "अहो, दोन इंच. फोटोपुरतं. लगेच खाली घेऊ."

मामा उठून चाकापाशी आले. "साहेब, दोन इंच पानी आत येत नसतं. येतं तर येतंच."

"आजोबा, दार नवीन आहे. घाबरू नका," साहेब म्हणाले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रोन खाली आला. मामांचा तो फोटो नंतर फार छान आला होता.

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. गाव माझ्याकडे बघत होतं. मी चाकाला हात लावला. एका बाजूनं साहेब, एका बाजूनं मी. चाक फिरलं.

आधी आवाज आला. दाराखालून एकदम मोठा, घोगरा. मग पाणी दिसलं, गढूळ, फेसाळ, आतल्या नाल्यात उडी मारणारं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. दोन इंचांचे चार झाले, चाराचे एक वीत. पोरगा म्हणाला, "बस सर, मिळाला."

"घ्या खाली," साहेब म्हणाले.

चाक फिरवलं. दार थोडं खाली आलं आणि अडकलं. आणखी जोर लावला. चार गडी लागले. चाक कुरकुरलं, दार हललं नाही. मामा पालथे पडून खाली वाकून बघत होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं.

"तिवराचं खोड हाय. आत घुसलंय आनि दाराखाली आडवं बसलंय."

ठेकेदारानं तोडून तिथंच खाडीत लोटलेलं खोड. पाण्यानं ते आणून बरोबर दाराखाली दिलं होतं.

"भरती पुरी व्हायला अजून अर्धा तास हाय," मामा म्हणाले. "मंग उतरायला दोन अडीच."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मी यंत्रणेला कळवतो," म्हणाले. आणि त्यांनी खरंच कळवलं. गाडीत बसताना ते फोनवर बोलतच होते. गाडी बांधावरून गेली तेव्हा नाल्याचं पाणी काठावर आलं होतं आणि पहिल्या शेतात, मामांच्या शेतात, ते गवताच्या मुळांतून हळूच शिरत होतं. शिरताना काही आवाज नव्हता.

भात दुधावर होतं. आमचा जुना राता, तांबड्या तांदळाचा. आणखी तीन आठवड्यांत कापणी.

मग जे झालं ते गावाचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून टाकली, ती पाण्यानं भिरकावून दिली. मांडवाचे बांबू आडवे घातले, ते कडाडले. तेवढ्यात मामांची सून सखू ओरडली, "तो सोफा आना."

"ओ वयनी, सोफा नाय, भाड्याचा हाय तो," गणा मध्ये आला.

"भात पन भाड्याचंच का रे माझं? सर बाजूला."

सहा बायांनी तो लाल सोफा उचलला, बांधावरून खाडीच्या अंगाला सोडला आणि पाण्यानंच तो ओढून दाराच्या तोंडात घट्ट बसवला. गणा डोक्याला हात लावून बसला. पाणी पुरतं थांबलं नाही, पण निम्मं झालं. उरलेल्या निम्म्यासाठी मामा, सखू आणि आणखी सातआठ जण छातीभर पाण्यात सोफ्याला पाठ लावून उभे राहिले. अडीच वाजेपर्यंत. मी बांधावरून गोण्या देत होते. सखूनं गोणी घेताना एकदा माझ्याकडे बघितलं. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अकरा घरांची शेतं खारी झाली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती: समुद्राशी झुंज देणारं गाव. वर चाकाला हात लावून साहेब आणि मी. मी हसत होते.

आठव्या दिवशी पानांची टोकं तांबडी पडली. मामांनी लोंबीतला एक दाणा काढून दातांत धरला आणि थुंकला. या जमिनीतला खार धुवून जायला तीन पावसाळे लागतात, हे आमच्या गावात पोराटोरांनाही माहीत आहे.

नवव्या दिवशी भाऊसाहेब पंचनाम्याचे कागद घेऊन आले. पंचायतीच्या हॉलमध्ये अकरा घरांची माणसं जमली. कागद बहुतेक भरून आलेले होते. कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं होतं: 'हवामान बदलामुळे समुद्रपातळीत झालेली वाढ व त्यामुळे आलेली असाधारण भरती.'

मी ते दोनदा वाचलं. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं सरकारी कागदांनी शिकवलं. पण राग यायला शिक्षण लागत नाही.

"असाधारण कुठली?" मी म्हटलं. "दर पुनवेला येते तीच होती."

भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हे कारण यादीत आहे. हे लिहिलं की मदत मंजूर. दुसरं काही लिहिलं तर चौकशी लागेल, फाइल पडून राहील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच भल्याचं सांगत होते. तोच तर संताप होता.

सखू म्हणाली, "लिहा ना मंग दर्याचं नाव. दर्या काय कोर्टात जानार हाय?"

सगळे हसले. भाऊसाहेबही हसले. मामा तेवढे हसले नाहीत.

"दर्याचं नाव लिहिलं तर दाराचं काय?" त्यांनी विचारलं.

"दाराचं काय मामा? दार आहे तसं आहे."

"तेच इचारतोय. दर्याचा दोष, म्हंजे दार बरोबर. ठेकेदार बरोबर. मंग हेच दार राहनार. चाकाची चावी पंचायतीत, पंचायतीला कुलूप, कुलपाची चावी भाऊसाहेबाच्या घरी तालुक्याला. रातचा पाऊस पडला तर पानी सोडायला कोन उठनार? आन दर वर्सी कोनीतरी साहेब फोटोला येनार. ह्या वर्साची मदत घ्या. पुढल्या वर्साची पन मागा. पन भात कवा लावायचं ते सांगा मला."



मग मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "दर्यावर आळ नको घेऊ सुगंधे. त्यानं वेल पालली. आपन सांगितलं त्या वेलेला खाली होता, आपन सांगितलं त्या वेलेला वर आला. जो वेलेला आला नाय त्याचं नाव लिही."

"आनि माझं हे वरीस?" सखूनं सासऱ्याला विचारलं. "त्याचं काय करू? पोरांना काय घालू, कागद?"

मामा माझ्या हातातल्या कागदाकडे बघायला लागले.

पुढचं आधीच सांगून टाकते. मदत आली नाही. चौकशी आली, तीही दीड वर्षानं. पहिली नोटीस मलाच निघाली, पदाचा गैरवापर करून शासकीय यंत्रणा चुकीच्या वेळी चालवल्याबद्दल. साहेबांची बदली झाली, चांगल्या जागी. चौकशीवाल्यांनी तिवरं मोजली, खोडं मोजली आणि ठेकेदाराला काळ्या यादीत टाकलं. लोखंडी दार नादुरुस्त म्हणून नोंदलं गेलं, तेव्हा कुठे आम्हाला ते काढायची परवानगी मिळाली. मामांनी आपल्या हातानं ऐनाच्या फळ्यांचं दार बसवलं आणि तिसऱ्या वर्षी राता लावला. मी मात्र पुढच्या निवडणुकीत पडले. त्या अकरा घरांपैकी चार घरांनी मला मत दिलं असेल, फार तर पाच. सखूनं नक्कीच दिलं नाही. पहिला हंगाम तिनं वीटभट्टीवर काढला, पोरांना घेऊन. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्या दोन वर्षांत एकदाही मला तिचं चुकलं असं वाटलं नाही.

हे सगळं त्या दिवशी मला कळत होतं का? थोडंफार कळत होतं. सखूकडे बघितलं की सगळंच कळत होतं.

त्या टाइप केलेल्या ओळीवर मी आडवी रेघ मारली. भाऊसाहेब "अहो ताई" म्हणेपर्यंत मारून झाली होती. खाली जागा थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं:

'कार्यक्रमाची वेळ सकाळी आठ ठरली होती. प्रमुख पाहुणे तीन तास चाळीस मिनिटे उशिरा आले. भरती वेळेवर आली. दार उघडू नये असे सांगितले होते. फोटोसाठी दार उघडले. तोडलेल्या तिवराचे खोड अडकल्याने ते बंद झाले नाही. दार उघडताना चाकाला माझा हात होता.'

खाली सही केली.

भाऊसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि उभ्यानं वाचला. वाचून झाल्यावर खुर्चीत बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "बाकीचं राहू द्या. शेवटची ओळ तेवढी खोडा. सगळं तुमच्यावर येईल."

"ती खोडली तर वरच्या ओळी कोण खऱ्या मानेल?"

टेबलाच्या खणातून भाऊसाहेबांनी पंचायतीचा शिक्का काढला, शाईची डबी उघडली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवली.